तुळशीपाशी कोण होतं?

परवा साताऱ्याहून भाचीचा फोन आला. डिसेंबरात लग्न आहे तिचं. "मावशी, प्री-वेडिंगचं सगळं ठरलं!" म्हणाली आणि यादीच वाचून दाखवली. लिंबची बारा मोटेची विहीर, मेणवलीचा घाट आणि कास. कासची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरातली, तेव्हा चातुर्मास. तुळशीचं लग्न होऊन मुहूर्त निघेपर्यंत पठार वाळून जातं. म्हणून फोटो आधीच काढून ठेवायचे! पोरीचा हिशेब चोख होता. २०१२ पासून कास जागतिक वारसा यादीत आहे, तेव्हा फुलं तुडवू नका, एवढंच मी सांगितलं.

मग सहज विचारलं, "आणि लग्नाच्या दिवसाची यादी?"

"त्याची कसली यादी? फोटोग्राफर काढेलच की सगळं!"

इथेच माझं घोडं अडतं.

माझं लग्न १९९४ साली सांगलीत झालं. ३६ फोटोंचे तीन रोल, म्हणजे फार तर १०८ फोटो. फोटोग्राफर मोजून बटण दाबायचा. तरी अल्बममध्ये बाबांच्या ऑफिसातले साहेब चारदा, कुणालाच ओळखू न येणारे एक काका दोनदा, आणि आई एकदाही नाही. कशी असेल? मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईनं तुळशीला पाणी घालायचं, ही आपली रीत. नंतर ती पंगतीत आग्रह करत फिरत होती. फोटोग्राफर मात्र स्टेजसमोरून हलला नाही.

आईचा एकच फोटो होता, मामेभावानं त्याच्या साध्या कॅमेऱ्यावर काढलेला. कार्यालयाच्या मागच्या दारी तुळशीची कुंडी, हातात तांब्या, मान मांडवाकडे वळलेली. जरा हललेला आहे, म्हणून अल्बममध्ये लावला नव्हता. ताईनं तो साताऱ्याला नेला.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभागातल्या आमच्या घरात कपाटाच्या खालच्या कप्प्यात अल्बम होता. पाणी ओसरल्यावर उघडला तर पानं एकमेकांना चिकटून लगदा झालेला. निगेटिव्हही शेजारीच ठेवलेल्या! आता आई नाही. माझ्या लग्नातली ती जी काही उरली आहे, ती साताऱ्यातल्या त्या हललेल्या फोटोत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, यादी करायचीच, पण पोझची नव्हे, माणसांची. दहा-पंधरा नावं पुरतात. ती फोटोग्राफरला द्या आणि एक प्रत करवलीच्या हातात. त्याला आपली माणसं कुठली ओळखू येणार? आजी-आजोबांचे फोटो जेवणाआधी उरकून घ्या, पंगतीनंतर ती दमतात, कुणाला एसटी गाठायची असते. गोरज मुहूर्त असेल तर घरच्यांचे फोटो दुपारीच घ्या, डिसेंबरात सहाला अंधारून येतं. आणि मंगलाष्टकांच्या वेळी एक कॅमेरा तुळशीपाशी हवाच.

यावर कुणी म्हणेल, लग्न आहे की सिनेमाचं शूटिंग? मलाही गुरुजींना थांबवून सप्तपदी पुन्हा चालायला लावणारे लोक आवडत नाहीत. पण तशी वेळ येते ती आधी काही ठरवलेलं नसतं म्हणून. ठरलेलं असलं की कुणाला थांबवावं लागत नाही.

आणि नंतरचंही आताच ठरवा. मोबाइलवर हजार फोटो असतील, पण त्यातले पन्नास तरी कागदावर छापून घ्या. एक संच साताऱ्यात, एक सांगलीत, आणि सांगलीतला वरच्या कप्प्यात!

हे सगळं ऐकून भाची जरा गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, म्हणजे माझी आईपण तेव्हा तिथेच असेल ना गं?"

"हो. तांब्या घेऊन."

रात्री तिची यादी आली. पहिल्या ओळीत 'आई, तुळशीपाशी' असं लिहिलं होतं. कासचं खाली गेलं होतं, रद्द काही झालं नव्हतं! असो. हौसेला मोल नसतं.

तुमच्या घरी यंदा कार्य असेल, तर आज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं बसा आणि नावं लिहून काढा.