बॉनेटखालची मक्तेदारी

मैत्रिणींनो, आपल्या प्रत्येक संघटनेच्या हिशेबाच्या वहीत ‘गाडी दुरुस्ती’ नावाचं एक सदर असतं. त्यावर आपण निमूट सही करतो. पाच रुपयांच्या रिक्षाभाड्यावर तासभर वाद घालणाऱ्या आपण, इथे मात्र गप्प!

गेल्या उन्हाळ्यात संस्थेच्या गाडीचं कूलंट बदलायला मी एका गॅरेजात गेले. उत्तर मिळालं, “मॅडम, साहेबांना पाठवा.” साहेब कोण, हे मला अजून कळलेलं नाही. एम. एस. डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मी समुदाय संघटन शिकले, पण ज्या गाडीतून समुदायाकडे जायचं तिचं बॉनेट कसं उघडायचं हे कुणी शिकवलं नाही. रात्री अकराला मारहाण झालेल्या बाईचा निरोप येतो, आणि ‘गाडी तापते’ म्हणून आपण ड्रायव्हरची वाट पाहत बसतो. परावलंबन म्हणतात ते हेच.

आणि यात आहे तरी काय? सोलापूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा सगळे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात. पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरणारं तेच पाणी! तोच थर आत बसतो, गंज चढतो, मार्ग तुंबतात. पातेलं घासणारीला हे वेगळं समजावून सांगावं लागेल का?

इंजिन पूर्ण गार असतानाच झाकण उघडायचं. आत दाब असतो, गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. खालचा नळ किंवा पाइप सोडून जुनं द्रव टोपल्यात धरायचं. मग साधं पाणी भरून, हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवून, वरचा पाइप गरम होईपर्यंत इंजिन चालवायचं. बंद करून, गार होऊ देऊन पुन्हा सोडायचं. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच. शेवटची खळबळ डिस्टिल्ड पाण्याची. मग गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, साधारण निम्मं-निम्मं. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करायचं, बुडबुडे थांबेपर्यंत भर घालायची. पदर, ओढणी, वेणी घट्ट खोचा. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

“बायकांना यंत्रातलं कळत नाही” म्हणणाऱ्यांनी १३ मार्च २०२३ आठवावा. त्या दिवशी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत एक्सप्रेस नेली ती साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी. घाट उतरून नेली. आपल्या चळवळीतले पुरोगामी बंधूही ‘राहू द्या ताई, हात काळे होतील’ म्हणतात तेव्हा मला गॅरेजवाला परवडतो. तो निदान समतेवर भाषण देत नाही.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या कार्यकर्ता शिबिरात नेतृत्वविकासाच्या तीन सत्रांपैकी एक कापा आणि गाडीभोवती उभ्या राहा. सोलापुरात नळाला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी आलं, बादली-बादलीचा हिशेब आपणच ठेवला; दोन बादल्या यासाठीही काढू.

जुनं कूलंट मात्र गटारात ओतू नका. ते गोडसर असतं आणि विषारी. कुत्री चाटतात, लहान मुलंही तोंडाला लावतात. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, वर ‘विष’ लिहा आणि ते गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या. तिथेही साहेबांना पाठवू नका.