वास्तुकलेच्या इतिहासात दौंड का नाही?

चेक प्रजासत्ताकातील झ्लीन शहर बाटा या पादत्राणांच्या कंपनीने घडवले. तेथील कामगारांची विटांची साधी घरेही आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात अभ्यासविषय ठरली. आपल्याकडील प्रबंध मात्र बहुधा लेणी, मंदिरे, वाडे यांपाशीच थांबतात. १८७८ साली मनमाडशी जोडले गेलेले दौंड रेल्वेने घडवले, शिरूर इंग्रजांच्या छावणीने. शिरूरला १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसचे थडगे लोक ‘सत्पुरुष’ म्हणून पुजू लागले, अशी जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. परक्याचे स्मारक आपले दैवत कसे होते, हा कलेच्या इतिहासाचाच प्रश्न नव्हे काय? दौंडच्या रेल्वे वसाहतींची मोजमापे आणि रहिवाशांच्या आठवणी विद्यार्थ्यांनी आताच नोंदवाव्यात, असे आम्हांस वाटते. घरे पाडल्यानंतर संशोधकाला केवळ कागदांवर विसंबावे लागेल.