कामाची मागणी आणि पोंचपावती

कामाची हमी कायद्यानें दिली म्हणजे काम घरीं चालत येतें, अशी समजूत पुष्कळांची असते. वस्तुतः काम मागावें लागतें. तें लेखी मागावें लागतें. आणि मागितल्याची तारखेसह पावती घ्यावी लागते. यांतील शेवटची गोष्ट खेड्यांतून फार वेळां होत नाहीं, व तेवढ्यानें मजुराचा हक्क कागदावरच राहतो. याविषयीं जमीनधारक शेतकऱ्यांचेंही कांहीं कर्तव्य आहे, असें आमचें मत आहे.

या हमीचा उगम महाराष्ट्रांतच झाला. तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें १९६५ सालीं श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेवरून पहिला प्रयोग झाला. १९७२ सालीं ती योजना राज्यभर आली, व १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता, हें त्याचें सूत्र. २००५ सालीं केंद्रानेंही तेंच सूत्र देशासाठीं स्वीकारलें, आणि भत्ता पहिल्या तीस दिवसांस मजुरीच्या निदान चौथाईइतका व पुढें निदान निम्मा ठरविला.

आतां हे पंधरा दिवस मोजावयाचे कोठून? अर्ज पोंचल्याच्या दिवसापासून. अर्थात् पोंच नाहीं तर दिवस नाहींत, व दिवस नाहींत तर भत्ता नाहीं. २००५ च्या कायद्यांत मजुरीचा खर्च केंद्राकडे व भत्त्याचा भार राज्याकडे होता. यामुळें काम काढण्याचें ठरल्यावरच अर्ज लिहून घ्यावयाचा, तोंवर तोंडी मागणीवर भागवावयाचें, अशी सोयीची रीत कचेऱ्यांतून पडली. मग दप्तरांत मागणीच दिसत नाहीं, व मागणी नाहीं म्हणून त्या गांवीं काम निघत नाहीं.

मागणाऱ्यावरही बंधनें होतीं. दिलेलें काम नाकारणारा, सूचना मिळाल्यावर पंधरा दिवसांत हजर न होणारा, अथवा परवानगीवांचून आठवड्याहून अधिक गैरहजर राहणारा तीन महिने भत्त्यास मुकत असे. हा नियम आम्हांस न्याय्य वाटतो. परंतु मजुरास तारखेचें बंधन आणि कचेरीस मात्र नाहीं, हा न्याय एकांगी होय.

आपल्यांतील कित्येक बंधु म्हणतील कीं, मजुरांस सरकारी काम मिळालें तर आमच्या पेरण्या व काढण्या कोणी कराव्या? ही तक्रार जुनी आहे, आणि अगदींच निराधार नाहीं. म्हणूनच डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें जो नवा कायदा संमत केला त्यांत हमीचे दिवस १०० वरून १२५ करितांना, पेरणी व कापणीच्या दिवसांत एकंदर साठ दिवसांपर्यंत हीं कामें थांबविण्याची तरतूद झाली. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हंगामाचे दिवस ज्यांच्यासाठीं राखले त्यांनीं उरलेल्या दिवसांची काळजी वाहिली पाहिजे. चैत्र-वैशाखांत ज्याची चूल पेटत नाहीं तो मजूर गांव सोडून जातो, आणि मृग निघाल्यावर तो परत येईलच याचा भरंवसा कोणी द्यावा?

शिवाय या योजनेच्या बांधबंदिस्तीनें, विहिरींनीं, व १९९० पासून फळबाग लागवडीनें आपल्याच जमिनी सुधारल्या आहेत. पाऊस दगा देतो त्या वर्षीं दोन-चार एकरांचा कोरडवाहू धनीही हातांत कुदळ घेऊन त्याच कामावर उभा राहतो.

यास्तव लिहितां-वाचतां येणाऱ्या प्रत्येक सभासदानें आपल्या वस्तींतील मजुरांचे अर्ज लिहून द्यावे. अर्जांत कामपत्रिकेचा क्रमांक व काम कोणत्या तारखेपासून किती दिवस हवें तें स्पष्ट असावें. अर्ज दोन प्रतींत करून एकीवर ग्रामपंचायतीची सही, शिक्का व तारीख घ्यावी. ग्रामपंचायत टाळाटाळ करील तर तहसील कचेरी गांठावी. सोळाव्या दिवशींही काम नसेल तर भत्त्याची मागणीही लेखीच करावी. ग्रामसभेंत आलेल्या व पोंच दिलेल्या अर्जांचा हिशेब विचारावा.

सातबाऱ्यावरील एक नोंद चुकली तर आपण दहा खेपा घालतों. मजुराजवळ सातबारा नाहीं. तारखेची ती पावती हाच त्याचा सातबारा होय. ती त्यास मिळवून देणें हें उपकाराचें नव्हे, शेजारधर्माचें काम आहे.