पहिल्या वर्षाला पाठीराखा हवा

बारावीचे वर्ष सुरू झाले की घरातला टीव्ही मुका होतो, पाहुण्यांना 'यंदा नको' असे आधीच कळवले जाते आणि क्लासच्या वेळेवरून जेवणाची वेळ ठरते. मग सीईटी, पर्सेंटाइल, कॅप राउंड, पसंतीक्रमाचे अर्ज, दाखल्यांसाठी तहसील कचेरीचे हेलपाटे. दोन वर्षे अख्खे घर एका मुलाच्या मागे उभे असते. अखेर अभियांत्रिकीला नंबर लागतो, फीची पावती हातात पडते, पेढे वाटले जातात आणि वसतिगृहाच्या खोलीत गादी-बादली पोचवून आईवडील परतीची गाडी पकडतात. घर सुटकेचा निःश्वास टाकते. मुलाची कसोटी मात्र त्याच आठवड्यात सुरू झालेली असते आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या मागचे सारे आधार एकदम दूर गेलेले असतात.

पहिल्या वर्षाच्या वर्गात बसणारी मुले आपापल्या शाळेतली, गावातली हुशार मुले असतात. साठ-सत्तर हुशार मुले एका खोलीत आली की त्यांतले कोणीतरी शेवटच्या क्रमांकावर असणारच. पण आजवर पहिल्या पाचांत राहिलेल्या मुलाला हे साधे गणित स्वतःच्या बाबतीत पटत नाही. पहिल्या चाचणीत वीसपैकी सहा गुण मिळाले की आपण इथे चुकून आलो, असे त्याला वाटू लागते. एम-वनचे गणित क्लासच्या ठोकळ्यात बसत नाही. ड्रॉइंगच्या तासाला डोळ्यांपुढे नसलेली वस्तू कागदावर तीन बाजूंनी काढायची असते. मेकॅनिक्समध्ये सूत्र पाठ असून भागत नाही, कोणते बल कुठे लागते ते आधी दिसावे लागते. त्यात भाषा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. तरी बहुसंख्य वर्गांत आजही इंग्रजीच चालते. मराठी शाळेतून आलेली मुलगी फळ्यावरचे उतरवून घेते, पण तासाला हात वर करून 'सर, समजले नाही' एवढे इंग्रजीत म्हणायचे तिला धाडस होत नाही.

घरचा फोन येतो. 'कसे चाललेय?' 'बरे चाललेय.' या दोन वाक्यांत पहिले सत्र संपते. निकालात दोन-तीन केटी लागतात. बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. म्हणजे ऑगस्टमध्ये न विचारलेली एक शंका दोन वर्षांनी 'इयर डाऊन' होऊन उभी राहते. पुढे कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्याही राहिलेले विषय मोजतात. शेतीवर कर्ज काढून किंवा प्रॉव्हिडंट फंडाला हात घालून शिकवणाऱ्या घरांत एका वर्षाची किंमत किती असते, हे सांगायला नको.

'आमच्या वेळी कुठे होते असले लाड?' असा प्रश्न जुन्या पिढीतले अभियंते विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. पण ती वेळच वेगळी होती. पुण्याचे 1854 चे अभियांत्रिकी महाविद्यालय, मुंबईची 1887 ची व्हीजेटीआय आणि अशी मोजकी ठिकाणे असताना वर्ग लहान होते आणि प्राध्यापक मुलांना नावाने ओळखत. वसंतदादा पाटलांच्या सरकारने 1983 मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडले आणि गावोगावच्या मुलांना ही शाखा खुली झाली. आज राज्यात या शाखेच्या जागा लाखाच्या वर आहेत. 2024 पासून ठरावीक प्रवर्गांतील, आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचे शिक्षणशुल्कही सरकारने माफ केले. घरात कोणीच कॉलेजची पायरी चढलेले नाही, अशी मुले आज या वर्गांत आहेत, हे चांगलेच झाले. दार रुंद केले, तर आत आलेल्याला वाट दाखवण्याची जबाबदारीही वाढते, एवढेच म्हणणे आहे.

ही वाट पूर्वी वरच्या वर्गातली मुले दाखवत. जुन्या नोट्स, ड्राफ्टर, कोणत्या सरांची तोंडी परीक्षा कशी असते याची माहिती, सबमिशनच्या आदल्या रात्रीची मदत हे सारे 'सिनियर'कडून मिळे. पण त्याच सिनियरच्या हातात रॅगिंगचा चाबूकही होता. कित्येक मुले त्यात मोडली, काही जिवाला मुकली. महाराष्ट्राने 1999 मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, 2009 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे कडक नियम आले, नव्या मुलांची वसतिगृहे वेगळी झाली. ही भिंत बांधणे आवश्यकच होते. मात्र भिंतीने जुलूम अडवला तशी मदतही अडवली. वरच्या वर्गातला चांगला मुलगाही आता नव्या मुलांच्या खोलीकडे फिरकायला बिचकतो. निवडलेल्या, शिकवून तयार केलेल्या आणि प्राध्यापकांच्या नजरेखाली काम करणाऱ्या वरिष्ठ विद्यार्थ्यांची मार्गदर्शक योजना हवी ती यासाठी. भिंत तशीच ठेवून तिला एक दार करायचे आहे.

कागदावर पाहिले तर व्यवस्था आहेच. आपल्याकडे बहुतेक महाविद्यालयांत 'टीचर गार्डियन' किंवा 'जीएफएम' नावाचे प्राध्यापक असतात आणि वीसेक मुलांची तुकडी त्यांच्याकडे सोपवलेली असते. तंत्रशिक्षण परिषदेने 2017 पासून नव्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा प्रवेशोत्तर परिचय-कार्यक्रम सुचवला. त्यात प्राध्यापक-मार्गदर्शकाबरोबर वरिष्ठ विद्यार्थ्यांचीही मदत धरलेली आहे. 'नॅक'ची समिती एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी, हे प्रमाण विचारते. अडचण अशी की समितीला दाखवण्यासाठी वही लागते आणि वही सह्यांनी भरते. महिन्यातून एकदा मुले रांगेत उभी राहतात, 'काही प्रॉब्लेम?' 'नो सर' एवढे बोलून सही करतात आणि सुटतात. जीएफएमचा उरलेला वेळ हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली गेलेल्यांच्या घरी फोन करण्यात जातो. ज्या प्राध्यापकाच्या हातात टर्मवर्कचे गुण आहेत आणि ज्याचा फोन वडिलांना जातो, त्याच्यापाशी 'मला काही येत नाही' हे कोणता मुलगा कबूल करील?

प्राध्यापकांना दोष देऊन मोकळे होण्यातही अर्थ नाही. परिषदेने 2018 मध्ये शिक्षक-विद्यार्थी प्रमाण पंधराला एकवरून वीसला एक असे सैल केले. आठवड्याचे तास, प्रवेशाच्या हंगामातली जाहिरातबाजी, मूल्यांकनाच्या फायली आणि अनेक ठिकाणी तुटपुंज्या पगारावर कंत्राटी नेमणूक, एवढे ओझे सांभाळून उरलेल्या वेळेत आपुलकी दाखवा, असे कोणाला सांगता येत नाही. मार्गदर्शनाचा तास वेळापत्रकात आला पाहिजे आणि कामाच्या भारात मोजला गेला पाहिजे.

आणि ही मदत द्यायची कोणाला? आपल्याकडे रूढ उत्तर आहे: कच्च्या मुलांना. सूचनाफलकावर 'स्लो लर्नर्स'ची यादी लागते, त्यांचे जादा तास ठरतात. यादीत नाव आलेला मुलगा त्या तासाला जाण्याऐवजी खोलीचे दार लावून बसतो. या बाबतीत अमेरिकेतले दोन अनुभव विचार करण्यासारखे आहेत. बर्कलेच्या विद्यापीठात 1970 च्या दशकात युरी ट्राइझमन या तरुण गणितज्ञाला प्रश्न पडला, की कलनाच्या पहिल्या विषयात कृष्णवर्णीय विद्यार्थी इतके का नापास होतात. सहकाऱ्यांनी तयार उत्तरे दिली: तयारी कमी, जिद्द कमी, घरचा पाठिंबा कमी. ट्राइझमनने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या मुलांच्या अभ्यासाच्या सवयी जवळून पाहिल्या. कष्टांत कृष्णवर्णीय मुले कमी नव्हती. ती एकटी अभ्यास करत. चिनी मुले आधी एकेकटी गणिते सोडवत, मग एकत्र बसून ताडून पाहत आणि एकमेकांच्या चुका काढत. आपले चुकले की सगळ्यांचेच अडते, हे त्यांना त्या बैठकीत कळे. ट्राइझमनने मग गटाने गणिते सोडवण्याचे वर्ग काढले. त्यांना 'कच्च्यांचे वर्ग' म्हटले नाही आणि गणिते मुद्दाम नेहमीपेक्षा अवघड ठेवली. नापासांचे प्रमाण झपाट्याने घटले.

मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत 1973 मध्ये डिॲना मार्टिन यांनी सुरू केलेली योजना याच दिशेची. तिथे कच्ची मुले हुडकायच्या ऐवजी जड विषय हुडकले गेले. त्या विषयात चांगले उत्तीर्ण झालेला एक विद्यार्थी नव्या मुलांबरोबर पुन्हा त्याच तासांना बसतो आणि तासाबाहेर सर्वांसाठी खुली बैठक घेतो. जो येईल त्याचे स्वागत. आल्याने कोणाच्या कपाळावर शिक्का बसत नाही. आपल्याकडे एम-वन, मेकॅनिक्स आणि ड्रॉइंग या तीन विषयांपुरते एवढे केले तरी पहिल्या सत्राचा निम्मा ताण हलका होईल. त्याला इमारत लागत नाही. सायंकाळी एक रिकामा वर्ग, खडू आणि दुसऱ्या वर्षातला एक जाणता दादा किंवा ताई पुरते. ती शंका इंग्रजीत विचारावी लागत नाही, हा आणखी एक फायदा.

मुंबईच्या आयआयटीत वरिष्ठ विद्यार्थी निवडून नव्या मुलांचे लहान गट त्यांच्याकडे सोपवण्याची पद्धत आहे. अभ्यासात अडलेल्यांसाठी त्या-त्या विभागाचे वेगळे विद्यार्थी-मार्गदर्शक असतात. निवड, तयारी आणि जबाबदारीची वाटणी ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट. दादा-ताईंनी काय करायचे आणि काय करायचे नाही, हे आधी स्पष्ट असावे. अभ्यासाची रीत सांगणे, ग्रंथालय आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीपर्यंत सोबत जाणे, मेसमध्ये एकटा जेवणारा मुलगा ओळखणे, हे त्यांचे काम. असाइनमेंट लिहून देणे आणि ऐकलेले खासगी चारचौघांत सांगणे वर्ज्य. मुलगा रात्र-रात्र झोपत नाही, जेवण सोडले आहे किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर एकोणीस वर्षांच्या सिनियरने ते ओझे स्वतःच्या डोक्यावर न घेता त्याच दिवशी प्राध्यापकांना आणि समुपदेशकांना सांगितले पाहिजे. केंद्र सरकारची 14416 ही टेलि-मानस दूरध्वनी सेवा 2022 पासून चालू आहे. हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या फलकावर असावा. उच्च शिक्षणसंस्थांतल्या आत्महत्यांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती गट नेमला. गोष्ट तिथवर गेली आहे.

प्राध्यापक-मार्गदर्शकाचे काम दादा-ताई करू शकत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. शाखा बदलावी का, आजारपणात बुडालेल्या प्रात्यक्षिकांचे काय करायचे, फी भरायला मुदत कशी मिळेल, हे प्राध्यापकच सोडवू शकतात. मात्र शक्य तिथे मार्गदर्शक आणि गुण देणारा या दोन व्यक्ती वेगळ्या असाव्यात आणि पहिली भेट पहिल्या चाचणीच्या आधी व्हावी. निकालानंतरच्या भेटीला मुलगा आरोपीसारखा येतो.

राहता राहिले आपण पालक. प्रवेश घेताना आपण पॅकेजचे आकडे विचारतो, वसतिगृहाचे नळ उघडून पाहतो. त्याच वेळी आणखी काही विचारायला हरकत नाही: पहिल्या वर्षाच्या मुलांना मार्गदर्शक कोण, ते आठवड्यातून केव्हा भेटतात, सिनियर विद्यार्थ्यांची निवड कोण करतो? चार पालकांनी हे विचारले की महाविद्यालयाला उत्तर तयार ठेवावे लागेल. पुढच्या वर्षी कदाचित व्यवस्थाही. आणि रविवारच्या फोनवर 'किती मार्क पडले?' याच्या आधी 'या आठवड्यात काय अडले, आणि कोणाला विचारलेस?' असे विचारून पाहावे. पहिले एक-दोन रविवार 'काही नाही' असेच उत्तर येईल. तरी विचारत राहावे.