पेटंटचे शब्द कोणाच्या हाती?

पेटंटचा अर्ज भारतात संशोधकाला स्वतः करता येतो. पण तो दुसऱ्याकडून करून घ्यायचा, तर ती व्यक्ती नोंदणीकृत पेटंट एजंटच हवी. १९७०च्या पेटंट कायद्यानुसार एजंटाकडे विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञानाची पदवी लागते. सहसा पेटंट कार्यालयाची परीक्षाही द्यावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे. ‘पेटंट मिळवून देतो’ म्हणणाऱ्याचे नाव आधी तिथे शोधावे.

एजंटाचा कस लागतो तो दावे, म्हणजे पेटंटने नेमके कशाला संरक्षण द्यायचे ते सांगणारी वाक्ये, लिहिताना. समजा, कांद्याची पात कापणारे यंत्र एखाद्या वर्कशॉपमध्ये तयार झाले. पाते मागे यावे म्हणून त्यात स्प्रिंग बसवली आहे. दाव्यात नुसती ‘स्प्रिंग’ लिहिली, तर तिथे रबरी पट्टी लावणारा नक्कलकार निसटू शकतो. ‘पाते मागे खेचणारा लवचिक भाग’ म्हटले, तर तोही कक्षेत येतो. शब्द फार ऐसपैस ठेवले, तर परीक्षक जुने दाखले काढून हरकत घेतो. हे तारतम्य त्या विषयात मुरलेल्यालाच साधते. म्हणून एजंटाने आधी लिहिलेले, प्रसिद्ध झालेले दोन-तीन अर्ज वाचून पाहावेत. ते सर्वांना खुले असतात.

अर्ज हिंदी किंवा इंग्रजीतच चालतो. मराठीत विचार करणाऱ्या कारागिरावर हा अन्यायच आहे. हे बदलत नाही तोवर एजंटाने यंत्र चालताना स्वतः पाहावे आणि मसुद्यातला प्रत्येक दावा मराठीत समजावून सांगावा, असा आग्रह धरायलाच हवा.

यंत्र प्रदर्शनात मांडण्याआधी किंवा त्याचा व्हिडिओ टाकण्याआधी अर्ज जाणे महत्त्वाचे. एरवी नावीन्यच हातचे जाते. घाई असेल तर तात्पुरते विवरण दाखल करून पूर्ण विवरणासाठी १२ महिने मिळतात. एजंटाशी बोलतानाही गोपनीयतेचा लेखी करार असावा.

व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे. खरा खर्च एजंटाचा. मसुदा, परीक्षण अहवालाला उत्तर, सुनावणी अशा टप्प्यांचे दर आधीच लिहून घ्यावेत. मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी केंद्राने २०१६मध्ये आणलेल्या योजनेत हे मानधन सरकारने देण्याची तरतूद आहे.

पेटंट मिळाल्यावर कोणी नक्कल केली, तर खटला जिल्हा किंवा उच्च न्यायालयात चालतो. तिथे एजंट नव्हे, वकील उभा राहतो.