शिवगाव, शेगाव आणि प्लेटो

वऱ्हाडातल्या शेगावचे मूळ नाव शिवगाव, शिवमंदिरावरून पडलेले; बोलता बोलता त्याचे शेगाव झाले, असे भाविकांना सांगितले जाते. शृंगमुनींवरून शेगाव, अशीही एक कथा आहे. या कथा जपाव्यातच. मात्र त्या इतिहास म्हणून छापण्याआधी थांबायला हवे.

प्राचीन ग्रीक विद्वानही शब्दांची मुळे अशीच शोधत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादात क्रॅटिलस म्हणतो, नाव वस्तूच्या स्वभावातूनच येते. हर्मोजेनिसच्या मते नाव म्हणजे माणसांनी आपसांत केलेला ठराव. सॉक्रेटिस मग शब्द उकलू लागतो. ‘सोमा’ म्हणजे शरीर. ते आत्म्याचे थडगे, म्हणून ‘सेमा’वरून आले, किंवा आत्मा शरीराच्या द्वारे खुणा करतो, आणि खुणेलाही ‘सेमा’च म्हणतात, किंवा ते आत्म्याला सांभाळते, म्हणून ‘सोझो’ या क्रियापदावरून. एका शब्दाला तीन उगम आणि तिन्ही पटणारे! आधी अर्थ ठरवायचा, मग ध्वनी त्याच्याकडे वळवायचा, ही ती रीत. आपल्या यास्काच्या ‘निरुक्ता’तही ध्वनीपेक्षा अर्थालाच मान आहे.

शेगावचेही असेच होते. शीव म्हणजे हद्द. मुंबईतल्या शीवचे नाव त्यावरूनच आले असे मानतात. मग शिवेवरचे गाव ते शेगाव, असेही जुळवता येईल. शिवाय या नावाची गावे चंद्रपूरच्या वरोरा तालुक्यात आणि सांगलीच्या जत तालुक्यातही आहेत. एका गावच्या मंदिराची कथा त्यांना कशी लागू पडणार?

वर्ध्याजवळच्या सेगावचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला गेले. रेल्वेमार्गावरच्या वऱ्हाडातल्या शेगावशी नाव जुळत असल्याने त्यांच्या टपालाचा घोळ होऊ लागला, म्हणून १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. ही नोंद नसती, तर पुढे कुणीही छातीठोकपणे सांगितले असते की ‘सेवाग्राम’चा अपभ्रंश होऊन ‘सेगाव’ झाले. कानाला ते अगदी पटते, आणि ते साफ उलटे आहे.

वि. का. राजवाडे यांनी स्थलनामांना इतिहासाचे साधन मानले. शेगावसाठी ते काम आता करायला हवे: वऱ्हाडातले शिलालेख आणि ताम्रपट, ‘आईन-ए-अकबरी’तल्या परगण्यांच्या याद्या, जुने महसुली कागद आणि आसपासच्या म्हाताऱ्यांच्या तोंडचा उच्चार एकत्र तपासावा. तोवर गावाच्या माहितीफलकावर शिवगावची कथा ‘आख्यायिका’ या शब्दासह लिहावी.