वहीतले चार पट्टे

तुमची किंवा तुमच्या थोरल्या भावंडाची अकरावीची जीवशास्त्राची प्रयोगवही जरा उघडून पाहा. पानांतील रंगद्रव्ये वेगळी करण्याचा प्रयोग तीत बहुधा सापडेल. कागदाच्या पट्टीचे चित्र असेल आणि तिच्यावर खालून वर चार पट्टे रंगीत पेन्सिलीने रंगवलेले असतील : पिवळट हिरवा, निळसर हिरवा, पिवळा आणि टोकाला नारिंगी-पिवळा. आता शेजारच्या मुलाची वही पाहा. तेच चार पट्टे, तेवढ्याच अंतरावर! पाने वेगळी, हात वेगळे, मग चित्र एकच कसे? उत्तर तुम्हांलाही ठाऊक आहे. ते चित्र पुस्तकातून आले आहे, कागदावरून नव्हे.

असा उरकायचा असेल तर हा प्रयोग न केलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. सातारा-सांगलीकडच्या शाळांनी तर तो मुळीच उरकू नये, कारण पुस्तकातल्या पालकापेक्षा कितीतरी बोलकी पाने तुमच्या परसात आणि शेतात आहेत.

कृती अवघड नाही. पान थोड्या ॲसिटोनमध्ये खलून गाळून घ्यावे. गाळणकागदाच्या पट्टीवर तळापासून दोन सेंटिमीटरांवर त्या अर्काचा ठिपका द्यावा. वाळला की पुन्हा त्याच जागी, असे आठ-दहा वेळा. मग उंच बरणीच्या तळाशी नऊ भाग पेट्रोलियम ईथर व एक भाग ॲसिटोन घेऊन पट्टी तीत टांगावी. ठिपका द्रवात बुडता कामा नये. (ही द्रव्ये क्षणात पेट घेतात. दिवा, काडी जवळ नको, खिडक्या उघड्या हव्यात आणि शिक्षक समोर हवेत.) द्रव कागदात वर चढू लागतो. ज्या रंगद्रव्याचे द्रवाशी सख्य अधिक ते कॅरोटीन त्याच्याबरोबर जवळजवळ टोकापर्यंत जाते. कागदाला धरून राहणारे हरितद्रव्य 'ब' मागे रेंगाळते. रंगद्रव्य किती चढले याला द्रव किती चढला याने भागले की आर-एफ मूल्य मिळते. द्रव बदलला की तेही बदलते, म्हणून पुस्तकातला आकडा तुमच्या पट्टीला लागू होईलच असे नाही.

आता तासगावकडच्या कोणी द्राक्षवेलीचे पान आणावे. फवारणी न झालेले, स्वच्छ धुतलेले. द्राक्षाचे नसेल तर चिंचेचा पाला किंवा आंबट चुका चालेल. कॅरोटीनच्या थोडा खाली एक राखाडी पट्टा दिसण्याचा बराच संभव आहे. चारांच्या यादीत तो नाही. पुष्कळ मुले येथे घाबरतात, पट्टी टाकून देतात आणि पुस्तकातले चित्र उतरवतात. पण चूक कोणाची? पान खलताना त्यातले आम्ल हरितद्रव्याला भिडले, त्याने हरितद्रव्याच्या रेणूतला मॅग्नेशियमचा अणू बाहेर काढला आणि त्याच्या जागी हायड्रोजन बसला. झाले फिओफायटिन. पालेभाजी फार वेळ शिजली की तिचा हिरवा रंग मळकट होतो, तो याच कारणाने. खलताना चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट घालून पुन्हा करा आणि राखाडी पट्टा फिका पडतो का ते पाहा. तुमच्या हाती आलेला पाचवा पट्टा हा त्या दिवसाचा खरा धडा होता, आणि तोच तुम्ही फेकून देणार होता.

लाल माठ घ्या. ठिपका लाल दिसेल, पण बरणीतला द्रव कितीही चढो, लाल रंग जागचा हलणार नाही. तो बीटच्या रंगाच्या कुळातला, पाण्यात विरघळणारा. त्याच अर्काची दुसरी पट्टी साध्या पाण्यात उभी करा; आता लाल वर चढतो आणि हिरवा बसून राहतो. (कासच्या पठारावरची पाने मात्र प्रयोगासाठी तोडू नका. ते 2012 पासून जागतिक वारशात आहे. परसातला माठ पुरे.)

सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. काढणीच्या सुमारास हळदीची पाने पिवळी पडतात. तो पिवळा रंग गड्ड्यातल्या हळदीचाच का? वादापेक्षा पट्टी बरी. पिवळ्या पानाचा अर्क आणि हळकुंडाचा अर्क शेजारी शेजारी चढवा, मग दोन्ही पिवळ्यांवर चुन्याची निवळी टाका. कर्क्युमिन असेल तेथे लालसर डाग उमटेल. हिरवा रंग ओसरल्यावर उघडे पडलेले कॅरोटीनच्या कुळातले पिवळे असेल, तर ते तसेच राहील. सारखे दिसणे आणि एक असणे यांत फरक आहे, तो डोळ्यांनी नव्हे, परीक्षेने कळतो.

ही पद्धत काढणारा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने 1903 साली वॉर्सा येथे ती मांडली. त्याच्याकडे कागदाची पट्टी नव्हती, नळीत भरलेली खडूची पूड होती. (फळ्यावरचा खडू आता बहुधा जिप्समचा असतो, म्हणून तो वापरल्यास निकाल निराळा येईल.) त्या काळच्या काही रसायनशास्त्रज्ञांना शंका आली की नळीत रंगद्रव्ये बिघडत असतील आणि हे पट्टे त्या बिघाडाचेच असतील. पद्धत मागे पडली, ती 1931 मध्ये कून आणि लेडरर यांनी पुन्हा हाती घेतली. शंका अगदीच वेडगळ नव्हती. तुमच्या राखाडी पट्ट्यानेच ते दाखवले. पण शंकेचे उत्तर पट्टीवरच आहे : एक पट्टा कात्रीने कापा, विरघळवा आणि पुन्हा चढवा. एकच पट्टा आला तर द्रव्य एक.

शिक्षकांना माझी विनंती आहे की सुबक चित्राचे गुण बंद करावेत आणि खरी पट्टी वहीत चिकटवलेली असेल तरच गुण द्यावेत, मग पट्टे तीन असोत की पाच. पट्टे कमी का, जास्त का, याबद्दल मुलाने दोन ओळी लिहिल्या तर त्यांना निम्मे गुण ठेवावेत. आणि मुलांनो, पट्टी वाळताच प्रत्येक पट्ट्याभोवती शिसपेन्सिलीची रेघ ओढून ठेवा. उजेडात हे रंग लवकर उडतात. तपासणीला वही जाईपर्यंत कागद जवळजवळ कोराच दिसेल.